वेगळ्या मशीनची यादी

अनंत घाडीगावकर चिठ्ठीवर चिडायचा. चिठ्ठी म्हणजे आपली ती ओळखीची चिठ्ठी. 'पत्रवाहकास शक्य ती मदत करावी', खाली सही, कधी नगरसेवकाची, कधी एखाद्या ट्रस्टीच्या मेहुण्याची. शाळेतला प्रवेश असो की हॉस्पिटलातली खाट, आधी कोण ओळखीचं निघतंय का ते बघायचं आणि मग रांगेत उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. मीही तशीच वागत आले, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. अनंतला मात्र चिठ्ठीचा कागद दिसला तरी त्याच्या कपाळाची शीर ताठ व्हायची.

त्याचे वडील काशीराम गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जायचं आणि जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. जॉबर बोट दाखवायचा ते गाववाल्याकडे, नाहीतर ज्याने आदल्या रविवारी कोंबडी पोचवली असेल त्याच्याकडे. काशीरामांना कोंबडी पोचवणं जमलं नाही. गिरणी बंद पडली, घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आलं आणि अनंतने घाटकोपरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकून घेतला. तो मला एकदा म्हणाला होता, "ताई, मला कॉम्प्युटर का आवडला माहितीये? त्याला आडनाव वाचून काही वाटत नाही."

मी सुनंदा. मुलुंडला राहते आणि घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात काउंटरवर बसते, याला आता चौदा वर्षं झाली. केंद्राची वेबसाइट आणि आतला सगळा प्रोग्रॅम अनंतने लिहिला. त्याआधी प्रतीक्षा यादी एका वहीत असायची, वही राजेशभाईंच्या टेबलावर असायची आणि वहीत मध्येच कुणाचं तरी नाव बारीक अक्षरात घुसलेलं असायचं. राजेशभाई म्हणजे आमचे मुख्य ट्रस्टी. माणूस वाईट नाही, पण कुणाला नाही म्हणायची सवय नाही. अनंतने ती वही बंद केली. घरबसल्या फॉर्म भरा, तारखेप्रमाणे नंबर लागेल, जागा झाली की मोबाइलवर आपोआप मेसेज येईल. अठ्ठेचाळीस तासांत आला नाहीत तर मेसेज पुढच्याला. मध्ये कुणाचा हात नाही. राजेशभाईंनी हट्टाने एक 'थेट प्रवेश' नावाचं बटण मात्र करून घेतलं, अगदी अडचणीच्या केसेससाठी म्हणून. ते बटण माझ्या काउंटरवरच्या स्क्रीनवर होतं. अनंतने त्यावरून दोन दिवस वाद घातला आणि शेवटी तोंड पाडून ते करून दिलं.

२०१६ साली ट्रस्टला देणगीत दोन जास्तीची मशीन मिळाली. ज्यांच्या रक्तात हेपॅटायटिस सी या काविळीचा विषाणू असतो त्यांचं डायलिसिस वेगळ्या मशीनवर करावं लागतं, आणि असे पेशंट आम्ही तोवर दारातूनच परत पाठवत होतो. दोन मशीन, दिवसाच्या तीन पाळ्या, एकाआड एक दिवस येणारे सोमवारवाले आणि मंगळवारवाले धरून एकूण बारा जागा. त्यांच्यासाठी वेगळी यादी आणि वेबसाइटवर वेगळं पान. उद्घाटन चार दिवसांवर आलं तेव्हा कुणाला तरी आठवलं की पान व्हायचंय. अनंतने जुन्या पानाची नक्कल करून ते एका दुपारी उभं केलं. उघडलं तर वरच एक इंग्रजी ओळ यायची: अमुक नाव कुठे ठरवून दिलेलं नाही, तूर्त तो साधा शब्द धरला आहे. ती नुसती सूचना होती, पान तर चालत होतं. पण देणगीदारांसमोर पडद्यावर असली ओळ नको म्हणून राजेशभाई घायकुतीला आले. अनंतने सगळ्या सूचना लपवणारी एक ओळ टाकली. पान स्वच्छ दिसायला लागलं. नंतर बघू असं तो म्हणाला होता, मी तिथेच होते. असं 'नंतर बघू' त्याच्या धंद्यात सगळेच म्हणतात आणि माझ्याही.

पुढची सात वर्षं त्या दोन मशीनवर एकही जागा रिकामी राहिली नाही. म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

२०१९ साली अनंतच्या बिल्डिंगमधल्या धोंडूकाकांच्या किडन्या गेल्या. धोंडूकाका काशीरामांबरोबर गेटवर उभे राहिलेले, गिरणी गेल्यावर चेंबूरला एका सोसायटीत वॉचमन झालेले. त्यांच्या रक्तात सी निघाला. अनंतने त्यांच्या घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, त्यांचा फॉर्म भरला. नंबर अकरावा. दोन-तीन आठवड्यांनी सुगंधाकाकू, म्हणजे धोंडूकाकांची बायको, त्याला जिन्यात भेटली आणि खाली बघत म्हणाली की तुझी तिकडे ओळख आहे, एखादी चिठ्ठी मिळाली तर बघ ना रे. हे अनंतनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना तो स्वतःवर खूश होता, हेही मला आठवतं. त्याने काकूला सांगितलं होतं, "काकू, चिठ्ठीने एक जण आत गेला की रांगेतल्या कुणाचा तरी नंबर मरतो. तोही आपल्यासारखाच असतो. यादी बरोबर चाललीये, काकांचा नंबर येईल, मेसेज येईल." काकूने मान डोलावली होती.

मेसेज आला नाही. धोंडूकाका चेंबूरच्या एका खाजगी ठिकाणी आठवड्यातून दोनदा जायचे, पैसे पुरेनात तेव्हा ते एकदावर आलं. अर्ज भरल्यापासून सातव्या महिन्यात गेले. अनंतने खांदा दिला. मी त्याला म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, "वाईट झालं, पण ताई, मी मध्ये घुसलो असतो तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हेच झालं असतं." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की माझ्याच कानशिलात मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या वर्षी, २०२३ मध्ये, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची वेबसाइट होती तिने नोटीस धाडली की जुनं पीएचपी बंद, सगळ्यांना नव्यावर नेणार. पीएचपी म्हणजे ज्या भाषेत अनंतने सगळं लिहिलं होतं ती. एका सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर एकही पान उघडेना. नव्या पीएचपीला जुन्याइतका सोशिकपणा नव्हता. ठरवून न दिलेलं नाव दिसलं की जुनं सूचना देऊन पुढे जायचं, नवं जागच्या जागी थांबायचं. आणि ती सूचनाही आम्ही सात वर्षं लपवून ठेवलेली.

अनंत चार दिवस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. पेशंट समोर उभे, फोन वाजतायत, आणि हा एकेक पान उघडून चूक शोधतोय. दोनशे बारा चुका निघाल्या. त्या मी कागदावर लिहीत होते आणि झाली की खूण करत होते. बहुतेक अगदी किरकोळ. शब्दाभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिलेली, जुनं पीएचपी तो शब्द म्हणूनच घ्यायचं आणि काम बिनबोभाट व्हायचं. अनंत चिन्हं देत सुटला. चौथ्या दिवशी वेगळ्या मशीनचं पान आलं. तिथे 'एकूण जागा' या नावाला किंमतच नव्हती. बारा हा आकडा एका वेगळ्या फाईलमध्ये होता आणि ती फाईल या पानाला जोडायची राहिली होती. त्याने एक ओळ लिहून ती जोडली, पान उघडून बघितलं, "झालं" म्हणाला आणि पुढच्या चुकीकडे वळला. दोन मिनिटंही लागली नसतील. मी एकशे ऐंशीव्या आकड्यापुढे खूण केली.

त्या आठवड्यात वेगळ्या मशीनवरचा एक पेशंट गावी निघून गेला होता. म्हणजे बारापैकी अकरा जागा भरलेल्या.

शनिवारी सकाळी कुर्ल्याहून एक माणूस आला. चाळिशीचा, चंद्रप्रकाश नाव, हातात मोबाइल. त्याने तो माझ्यासमोर धरला. मेसेज आमचाच होता: आपला नंबर लागला आहे, अठ्ठेचाळीस तासांत केंद्रात यावे. वर त्याच्या आईचं नाव. मी सवयीने म्हटलं, "पेशंटला आणलंय का?"

"मॅडम, माँ को गुजरे छह साल हो गए," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "सतरा में गई. रोज ये मोबाइल देखती थी. पूछना था, ये मजाक है क्या?"

मी त्याला खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, तो बसला नाही, पाणी प्यायला नाही. निघून गेला. मी अनंतला फोन केला आणि सांगितलं की तुझा प्रोग्रॅम मेलेल्यांना बोलावतोय.

तो तासाभरात आला. आधी त्याने मेसेज बंद केले. मग यादी उघडली. पहिलं नाव चंद्रप्रकाशच्या आईचं, अर्जाची तारीख २०१६. पानामागचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून तो अगदी हळू आवाजात मला समजावायला लागला, की खरं तर स्वतःलाच, कुणास ठाऊक. पान दर वेळी एकच प्रश्न विचारायचं: भरलेल्या जागा एकूण जागांपेक्षा कमी आहेत का? कमी असतील तर पहिल्याला मेसेज. पण 'एकूण जागा' हे नाव पानाला माहीतच नव्हतं. जुनं पीएचपी त्याला एक शब्द धरायचं, आणि आकड्याची शब्दाशी तुलना आली की शब्दाची किंमत शून्य मोजायचं. भरलेल्या जागा शून्यापेक्षा कमी आहेत का? अकरा असोत, पाच असोत, एकही नसो, उत्तर एकच: 'नाही'. प्रतीक्षा करा.

"म्हणजे या यादीतून सात वर्षांत कोणालाच..." मी म्हटलं.

"कोणालाच नाही. सत्तेचाळीस जणांनी फॉर्म भरला. एकालाही मेसेज गेला नाही."

"मग मशीन भरलेली कशी होती?"

हे मी विचारलं खरं, पण उत्तर माझ्याच स्क्रीनवर होतं. थेट प्रवेश. जागा रिकामी झाली की राजेशभाईंकडून दोन दिवसांत चिठ्ठी यायची. मी नाव भरायची, शिफारस कुणाची ते भरायची, बटण दाबायची. काउंटरच्या पानाला बाराची फाईल नीट जोडलेली होती. सात वर्षांत त्या मशीनवर जेवढे पेशंट बसले ते सगळे माझ्या हातून बसले, आणि सगळे चिठ्ठीवाले. यादीतलं कुणी कसं येत नाही, हा प्रश्न मला एकदा पडला होता. मी राजेशभाईंना विचारलंही होतं. "बेन, ते लोक वाट बघून दुसरीकडे जातात," ते म्हणाले. मी हो म्हटलं, कारण बाहेर पंधरा माणसं उभी होती आणि हो म्हणणं सोपं होतं.

अनंतने धोंडूकाकांचा अर्ज उघडला. मी म्हटलं, राहू दे रे. तो ऐकेना. अर्जाच्या तारखेनंतर जागा कधी रिकामी झाली ते त्याने शोधून काढलं. सोळाव्या दिवशी. काकांच्या पुढचे दहाजण आधीच्या तीन वर्षांत केव्हाच आत गेले असते, एवढ्या जागा मधल्या काळात झाल्या होत्या. सोळाव्या दिवशी मेसेज धोंडूकाकांनाच गेला असता. त्या जागेवर कोण बसलं तेही होतं, आणि नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

सोमवारी आम्ही दोघं राजेशभाईंकडे गेलो. अनंतने सगळं सांगितलं आणि म्हणाला, सत्तेचाळीस घरी कळवायला हवं. राजेशभाई चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "अनंतभाई, गेले ते गेले. आता फोन करून जखमा कशाला उघडायच्या? पेपरात आलं तर दान बंद होईल. आज जे चाळीसजण मशीनवर आहेत त्यांनी कुठे जायचं?" आणि थोडं थांबून, "दुरुस्त झालं ना? मग झालं."

ते अगदीच चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही. मला तर ते पटावं असंच वाटत होतं. घरी जावं, डाळीला फोडणी द्यावी आणि विसरून जावं. अनंत मात्र उठला. "यादीत जे जिवंत असतील त्यांना मी आज बोलावणार. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा. पण एका घरी मी सांगणार, कारण तिथे मी स्वतः खोटं बोलून आलोय," तो म्हणाला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी गेले. धाडस वगैरे काही नाही. त्याला एकट्याला त्या दारात उभा करून मला त्या रात्री झोप आली नसती, एवढंच.

संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले होते. कन्नमवार नगरातली दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतीवर धोंडूकाकांचा वॉचमनच्या गणवेशातला फोटो. सुगंधाकाकू लसूण सोलत होती. अनंतला बघून तिचा चेहरा उजळला. तिने आधी चहा ठेवला. अनंत नको नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही. "बस रे. आणि ही कोण?"

"सुनंदाताई. केंद्रात काउंटरवर असतात."

चहा येईपर्यंत तो थांबला नाही. गॅसजवळ उभ्या असलेल्या तिच्या पाठीलाच त्याने सांगायला सुरुवात केली. कॉम्प्युटरचं काही तिला समजेल असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून साधंच सांगितलं: काकू, मी लिहिलेल्या पानात चूक होती. ती चूक मला दिसली होती, मी झाकून ठेवली. यादी कधी पुढे सरकलीच नाही. काकांना सोळाव्या दिवशी जागा मिळायची होती. ती दुसऱ्याला गेली.

काकूने गॅस बंद केला. चहा तसाच पातेल्यात राहिला. ती येऊन पुन्हा लसणाच्या ताटलीसमोर बसली.

"दुसऱ्याक म्हणजे कोणाक?"

मी म्हटलं, "चिठ्ठी घेऊन आलेल्याला. मीच भरलं त्याचं नाव."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नीट बघितलं. मग अनंतकडे वळून तिने विचारलं, "म्हणजे चिठी आणली असती तर ह्यांका जागा गावली असती?"

"हो काकू."

"चिठी होती."

अनंतने मान वर केली.

"हे सोसायटीत वॉचमन होते ना, थयच्या शेटान दिली होती," ती म्हणाली. लसणाची पाकळी तिच्या बोटांत होती, पण ती सोलत नव्हती. "तुमच्या राजेशभायचो व्याही तो. आपणहून दिली. मी म्हटलं, चला, घेऊन जाऊया. तर हे म्हणाले, अनंताने नको म्हटलंय. आपण आत घुसलो तर कोणाचा तरी नंबर मरतो. काशीरामचा झिल सांगतोय म्हणजे तसंच असणार. दुसऱ्या दिवशी ती परत नेऊन दिली. बसने गेले चेंबूरला, पाय सुजलेले होते तरी."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांची भांडणं ऐकू येत होती. अनंतला वाटत असावं की तिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. मलाही तसंच वाटत होतं. तिने उरलेला लसूण सोलायला घेतला. दोन-तीन पाकळ्या झाल्यावर म्हणाली, "तू मुद्दाम नाय केलस. तेवढा माका कळता."

"काकू, मी..."

"दर वर्षी पितृपक्षात ह्यांच्या म्हाळाक तुका जेवूक बसवतंय, पहिला पान तुका वाढतंय. पोरगो नाय आमका, म्हणून." ती थांबली. "ह्या वर्षी येव नको."

अनंत म्हणाला, "बरं."